कागदांतील माती

कागद कशाचा करितात असें विचारलें तर बहुतेक लोक चिंध्यांचा, बांबूचा किंवा लाकडाचा असें उत्तर देतील. हें उत्तर चुकीचें नाहीं; पण तें पुरेंहि नाहीं. कापसाचें स्वच्छ सूत जाळलें तर मागें जवळजवळ कांहींच उरत नाहीं. छपाईच्या चांगल्या कागदाचा तुकडा जाळला, तर मात्र त्याच आकाराची, पांढुरकी, बोट लागतांच भुगा होणारी राख शिल्लक राहते. तिचें वजन केलें तर तें मूळ कागदाच्या वजनाच्या शेंकडा १० पासून २५ पर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक भरतें. वनस्पतीचा जो भाग होता तो जळून गेला. उरली ती माती.

श्रोतेहो, ही माती कागदांत चुकून आलेली नसते. कारखानदार ती विकत घेतो, पाण्यांत कालवितो, मोजून लगद्यांत सोडतो. कारखान्यांत तिला ‘फिलर’ म्हणतात. आपण तिला ‘भर’ म्हणूं. कागद वजनावर विकला जातो आणि बहुतेक जातींची भर लगद्याहून स्वस्त असते, हें कळल्यावर ग्राहकाच्या मनांत सहजच शंका येते कीं, दुधांत पाणी घालणारा गवळी आणि लगद्यांत माती घालणारा कारखानदार यांत फरक तो कोणता? फरक आहे, परंतु तो एका शब्दांत सांगून भागणार नाहीं. ही भर कागदाला काय देते, त्याच्यापासून काय हिरावून घेते, आणि तिच्या एका विशिष्ट जातीवर आपल्या ग्रंथांचें आयुष्य कसें अवलंबून असतें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम कागदाची घडण पाहूं. बांबू, लाकूड, उंसाचें चिपाड किंवा चिंध्या यांच्यावर प्रक्रिया करून जो लगदा होतो, त्यांत वनस्पतींचे सूक्ष्म तंतु असतात. बांबूचा तंतु लांबीला साधारणपणें दीड ते तीन मिलिमीटर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असते. हे तंतु इतक्या पाण्यांत कालवितात कीं, शंभर भागांत त्यांचा वांटा सुमारें एक भाग किंवा त्याहूनहि कमी असावा. हें पातळ मिश्रण धांवत्या जाळीवर सोडलें म्हणजे पाणी खालीं निथळतें, तंतु एकमेकांवर आडवेतिडवे बसतात, आणि पुढें दाबाचे रूळ व तापलेलीं नळकांडीं यांवरून जातां जातां तो ओला थर वाळतो. वाळतांना तंतु एकमेकांच्या इतके निकट ओढले जातात कीं, त्यांच्या पृष्ठभागांमध्यें हायड्रोजन-बंध जुळतात. कागदाच्या बळकटीचा मुख्य आधार हे बंधच होत. तेथें टांका नाहीं आणि विणकामहि नाहीं. कागद पाण्यांत भिजला कीं लिबलिबीत होतो याचें कारण हेंच कीं, पाणी तंतूंमध्यें शिरून हे बंध सोडवितें.

असा नुसत्या तंतूंचा पातळ कागद मजबूत असला तरी छपाईला तो फारसा सोईचा नसतो. त्याचें पृष्ठ खडबडीत असतें. आणि एका बाजूला छापलेलीं अक्षरें दुसऱ्या बाजूनें दिसतात. हा दुसरा दोष समजून घेण्यासाठीं कागद पांढरा कां दिसतो हें पाहिलें पाहिजे. खडीसाखरेचा चांगला खडा जवळजवळ पारदर्शक असतो; तोच कुटला कीं त्याची पांढरी पूड होते. साखर बदलली नाहीं. बदलले ते तिचे पृष्ठभाग. प्रकाश हवेंतून साखरेंत आणि साखरेंतून हवेंत शिरतांना दर वेळीं थोडा वळतो, थोडा परततो. असे हजारों पृष्ठभाग आड आले कीं तो सर्व दिशांना विखुरला जातो, आणि विखुरलेला सर्व रंगांचा प्रकाश म्हणजेच पांढरा रंग. कागदाचेंहि तसेंच आहे. तंतूंतील सेल्युलोज हें स्वतः रंगहीन आहे. तंतु आणि त्यांच्यामधील हवा यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरांत रोज मिळतो. कढईंतून काढलेलीं भजीं कागदावर ठेवलीं कीं तेलाचा डाग पडतो, आणि त्या डागांतून पलीकडचें दिसूं लागतें. येथें तेलानें हवेची जागा घेतलेली असते. एखाद्या पदार्थांत शिरतांना प्रकाश किती वळतो हें दाखविणारा जो वक्रीभवनांक, तो हवेचा १, तेलाचा सुमारें १.४७ आणि सेल्युलोजचा सुमारें १.५३ आहे. हवा व तंतु यांत मोठें अंतर आहे. तेल व तंतु यांत तें फारच थोडें आहे. अंतर बुजलें कीं प्रकाश विखुरण्याचें थांबतो आणि सरळ आरपार जातो.

तेल जें करितें त्याच्या उलट भर करिते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भरीचे कण बहुधा एका मायक्रॉनच्या आगेंमागें असतात. ते तंतूंच्या मध्यें बसले कीं हवेच्या फटी बुजत नाहींत. उलट मोठ्या फटींच्या जागीं पुष्कळ लहान लहान फटी होतात आणि प्रकाश विखुरणारे पृष्ठभाग वाढतात. चिनी मातीचा वक्रीभवनांक सुमारें १.५६ आहे, म्हणजे तो तंतूच्या अंकाहून फारसा वेगळा नाहीं. तरीहि तिनें कागद अपारदर्शक होतो, तो मुख्यतः तिनें राखलेल्या हवेच्या जोरावर. शिवाय हे कण पृष्ठावरील खांचखळगे भरून काढितात. अशा कागदावर पुढें रुळांचा दाब दिला म्हणजे तो गुळगुळीत होतो, शाई एकसारखी बसते आणि छायाचित्रांचे बारीक ठिपके तुटक न उमटतां स्वच्छ उमटतात.

आतां या भरीच्या मुख्य जाती पाहूं. पहिली चिनी माती, म्हणजेच केओलिन. चीनमधील ज्या गावलिंग नांवाच्या ठिकाणची माती चिनी भांड्यांसाठीं प्रसिद्ध होती, त्यावरून हें नांव पडलें. ग्रॅनाइटासारख्या दगडांतील फेल्डस्पार नांवाचें खनिज युगानुयुगें कुजून ही माती होते, आणि तिचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत अठराव्या शतकांत विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्यानें तिचे साठे शोधून काढिले, आणि पुढें तेथील माती कुंभाराच्या चाकाबरोबर कागदाच्या कारखान्यांतहि जाऊं लागली. आपल्याकडे केरळांत तिचे मोठे साठे आहेत. कोंकणांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि ती सांपडते.

दुसरी जात शंखजिऱ्याची. अंगाला लावण्याच्या पावडरींत जें मऊ, बुळबुळीत चूर्ण असतें तेंच हें. राजस्थानांत याच्या मोठ्या खाणी आहेत, आणि भारतीय कारखान्यांनीं याचा दीर्घ काळ भरपूर उपयोग केला. सर्वांत मऊ खनिजांत याची गणना होते. म्हणून यंत्राची जाळी झिजविण्याचा दोष याच्यांत कमी. लाकडांतून येणारे चिकट राळेचे थेंब हें आपल्या अंगावर धरून ठेवितें, आणि कागदावर तेलकट ठिपके पडण्याचें टळतें.

तिसरी जात चुनखडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाची. खडू, संगमरवर आणि साधी चुनखडी हीं सारीं एकाच पदार्थाचीं रूपें. ही चिनी मातीहून अधिक पांढरी मिळते. हिचें महत्त्व पुढें विस्तारानें सांगावयाचें आहे. चौथी जात टायटॅनियम डायऑक्साइडची. हिचा वक्रीभवनांक २.५ ते २.७ इतका मोठा असल्यामुळें थोड्या प्रमाणांतहि ती कागद अपारदर्शक करिते. मेणकागदांत हवेची जागा मेणानें घेतलेली असते, म्हणून तेथें इतर भर निरुपयोगी ठरते. ही मात्र आपलें काम करीत राहते. परंतु ही फार महाग, म्हणून बायबलासारख्या ग्रंथांच्या अतिशय पातळ कागदांत किंवा तशाच विशेष कामीं हिचा उपयोग करितात. भर ही नेहमीं स्वस्ताईसाठींच घालतात हा समज या एका उदाहरणानेंच खोटा ठरतो.

भर कागदांत टिकवावी कशी, हा कारागिराचा खरा प्रश्न आहे. ज्या जाळीवर कागद तयार होतो तिचीं भोंकें मिलिमीटरच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत असतात. दोन मायक्रॉनचे शंभर कण ओळीनें ठेवले तर तेवढ्या एका भोंकांत मावतील. मग पाण्याबरोबर सारी माती खालीं कां निथळून जात नाहीं? नुसत्या जाळीवर विसंबलें तर तिचा फार मोठा भाग निथळून जातोच. तो अडविण्यासाठीं विजेच्या आकर्षणाचा उपयोग करितात. पाण्यांत तंतूंवर ऋण विद्युत् असते, आणि बहुधा भरीच्या कणांवरहि ऋणच असते. म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्यामध्यें धन विद्युत् असलेला पदार्थ घातला कीं तो मध्यस्थाचें काम करितो. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं गाळाचे कण एकत्र येऊन तळाशीं बसतात, हें आपण पावसाळ्यांत पाहतों. कारखान्यांत पूर्वीं तुरटीच हें काम करी. पुढें धन विद्युत् असलेलें पिष्ट आणि लांब साखळीचे कृत्रिम पदार्थ वापरांत आले. त्यांच्यामुळें कणांचे सूक्ष्म पुंजके होऊन ते तंतूंना चिकटतात. पुंजके फार मोठे झाले तर कागद ढगाळ व डागाळ दिसतो. फार लहान राहिले तर माती निघून जाते. या दोहोंच्या मध्यें रेषा साधावी लागते, आणि तीहि धांवत्या यंत्रावर, कांहीं सेकंदांच्या अवधींत. निथळलेलें पांढरें पाणी टाकून देत नाहींत. त्यांतील माती व तंतु वायां जाऊं नयेत म्हणून तें पुनः लगद्यांत फिरवितात.

येथपर्यंत भरीचे गुण झाले. आतां तिचे अवगुण. तंतूंची बळकटी त्यांच्या परस्पर बंधांत असते असें वर सांगितलें. भरीचा कण दोन तंतूंच्या मध्यें बसला कीं तेथें बंध जुळत नाहीं, कारण कण स्वतः तंतूशीं तसा बंध जोडीत नाहीं. शाळेच्या वहीचा एक चौरस मीटर कागद ६० ग्रॅमचा आहे असें धरूं. त्यांत शेंकडा १५ भर असली तर ९ ग्रॅम माती आणि ५१ ग्रॅम तंतु झाले. तंतु कमी झाले हा एक तोटा, आणि उरलेल्या तंतूंमधील बंध तुटले हा दुसरा. म्हणून बळकटी शेंकडा १५ नव्हे, तर त्याहून अधिक घटते. तिसरा तोटा ताठपणाचा. तंतूचा पदार्थ पाण्याच्या सुमारें दीडपट जड आहे, तर चिनी माती व चुनखडी अडीचपटीहून अधिक जड आहेत. त्यामुळें वजन तेंच ठेवून माती वाढविली कीं कागद बहुधा पातळ होतो आणि हातांत लुळा पडतो. भर नीट धरलेली नसली तर छापतांना तिची धूळ उडून यंत्राच्या रबरावर सांचते, आणि खडीचे कठीण कण त्यांत राहिले असतील तर जाळी लवकर झिजते. साध्या यंत्रावर पाणी एकाच बाजूनें निथळतें. म्हणून जाळीकडच्या बाजूला माती कमी व वरच्या बाजूला अधिक राहते, आणि कागदाच्या दोन पाठी सारख्या छापत नाहींत.

म्हणून शहाणा कारखानदार कागदाचें काम पाहून भर ठरवितो. प्रयोगशाळेंत द्रव्य तोलण्यासाठीं जो गाळणकागद वापरतात, त्यांत भर मुळींच चालत नाहीं. तो जाळल्यावर जवळजवळ राखच उरूं नये अशी अट असते. टीपकागदांत ती नको, कारण त्याचें कामच शोषण्याचें आहे. पोत्यांच्या कागदांत बळकटी प्रधान, म्हणून तेथेंहि ती टाळतात. लिहिण्याच्या व छापण्याच्या कागदांत शेंकडा १५ ते २५ हें प्रमाण नेहमींचें. आणि सचित्र नियतकालिकांच्या, रुळांखालीं घोटून चकचकीत केलेल्या कागदांत तें तिसाच्याहि वर जातें. जाड खुळखुळीत चकाकीचा जो चित्रकागद, त्यावर मातीचा लेप वरून दिलेला असतो. तो लेप आणि पोटांतली भर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी पदार्थ बहुधा तेच असतात.

आतां सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळूं. १७९९ सालीं फ्रान्समधील लुई-निकोला रोबेर याला कागदाच्या अखंड पट्ट्याच्या यंत्राचा एकाधिकार मिळाला. इंग्लंडांत फोर्ड्रिनियर बंधूंनीं त्यावर पैसा ओतला आणि तें यंत्र त्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. यंत्र धांवूं लागलें, पण कागदावर शाई फुटूं नये म्हणून त्याला जी खळ द्यावी लागते, ती देण्याची जुनी रीत मंद होती. तयार ताव सरसाच्या पाण्यांत बुडवून, दोरीवर वाळत घालावे लागत. १८०७ सालीं जर्मनींतील मोरिट्झ फ्रीड्रिख इलिग यानें नवी रीत प्रसिद्ध केली: राळ आणि तुरटी लगद्यांतच घालावी, म्हणजे कागद यंत्रावरून खळ घेऊनच बाहेर पडेल. ही रीत जगभर पसरली. पुढें १८४० नंतर लाकूड दगडावर घांसून लगदा करण्याची युक्ति निघाली, चिंध्यांची टंचाई संपली, आणि कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्रें, शाळा आणि वाचनालयें यांचा प्रसार त्या स्वस्ताईमुळें झाला, हें मान्य केलें पाहिजे.

पण या स्वस्ताईची किंमत पुढच्या पिढ्यांना द्यावी लागली. कारखान्यांतील तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. हिचें पाण्याशीं मिश्रण झालें कीं आम्ल उत्पन्न होतें, आणि तें कागदांतच राहतें. सेल्युलोज ही साखरेच्या घटकांची लांब साखळी आहे. हवेंतील ओलाव्याच्या साह्यानें आम्ल या साखळीच्या कड्या एकेक तोडीत जातें. विशेष हें कीं, या कामांत आम्ल स्वतः खर्च होत नाहीं. एक कडी तोडून तें दुसरीकडे वळतें. साखळ्या तोकड्या झाल्या कीं कागद ठिसूळ होतो. शिवाय घांसलेल्या लाकडांतील लिग्निनामुळें तो पिवळा पडतो. आपल्या जुन्या वाचनालयांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचीं मासिकें व साप्ताहिकें ज्यांनीं उघडलीं असतील, त्यांना हा अनुभव असेल. पान उलटतांना कोंपरा हातांत येतो. घडी पडली तेथें कागद तुटतो. याउलट पुण्यांतील पेशवे दप्तराचे रुमाल सोडले, तर दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींच्या हातकागदावरील मोडी पत्रें आजहि हाताळतां येतात. तो कागद चिंध्यांचा व तागाचा होता, त्याला पिठाची खळ होती, आणि राळ-तुरटीच्या आम्लाचा त्याला स्पर्श नव्हता. जुनें तें टिकलें आणि नवें तें तुटलें, हा उलटा न्याय वाटतो. पण त्याचें कारण इतकें साधें आहे.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत रिचमंड येथें विल्यम बॅरो या गृहस्थानें जुन्या कागदपत्रांच्या जतनाचें काम करतां करतां या रोगाचा कसून अभ्यास केला. १९०० ते १९४९ या काळांत छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद त्यानें तपासला, आणि १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत असा निष्कर्ष मांडला कीं, त्यांतील बहुतेक पुस्तकांचें उपयुक्त आयुष्य पन्नास वर्षांपलीकडे जाणार नाहीं. रोगाचें मूळ आम्लांत आहे हेंहि त्यानें दाखवून दिलें.

या रोगावर औषध कोणतें? तें भरीच्या यादींत आधींच होतें. चुनखडी आम्लाला मारते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर फरशीची चकाकी जाते, खडूच्या तुकड्यावर तो टाकला तर बुडबुडे येतात. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड वायूचे, आणि ते येतात तेव्हां आम्ल संपत असतें. कागदांत चुनखडीचे कण पसरलेले असले तर कागदांत उत्पन्न होणारें किंवा शहराच्या धुरकट हवेंतून येणारें आम्ल तंतूंवर हल्ला करण्यापूर्वींच या कणांशीं गांठ पडून नष्ट होतें. कागदाच्या पोटांत ठेवलेली ही एक शिल्लक ठेवच आहे. संकट येईल तसतशी ती खर्चावयाची.

मग हें औषध शंभर वर्षें कां दिलें गेलें नाहीं? कारण रोग आणि औषध एकाच भांड्यांत नांदूं शकत नव्हते. राळेची खळ बसण्यासाठीं लगद्याचें पाणी आम्लधर्मी असावें लागे. त्यांत चुनखडी घातली कीं ती फसफसून विरघळूं लागे, फेंस येई, तुरटी वायां जाई आणि खळहि बिघडे. म्हणून राळेबरोबर चिनी माती किंवा शंखजिरें वापरीत; त्यांच्यावर आम्लाचा परिणाम होत नाहीं. सिगारेटच्या कागदाला राळेची खळ नको असते, म्हणून तेथें चुनखडी फार पूर्वींपासून चालू होती, आणि जळण्याचा वेग ताब्यांत ठेवण्यासाठींच ती घालीत. ज्या कागदाचा क्षणांत धूर व्हावयाचा त्याला टिकाऊपणाचें द्रव्य मिळावें आणि ग्रंथांच्या कागदाला मिळूं नये, असा हा प्रकार होता.

ही कोंडी नव्या खळीनें फोडली. १९५० नंतरच्या दशकांत अल्किल कीटीन डायमर नांवाचा पदार्थ बाजारांत आला. हा आम्लरहित पाण्यांत तंतूशीं जुळतो; तुरटीची गरज लागत नाहीं. ही वाट मोकळी झाल्यावर प्रथम युरोपांतील आणि मागाहून अमेरिकेंतील कारखाने चुनखडीकडे वळले. कारखानदारांना ग्रंथांची कींव आली म्हणून हें घडलें असें समजण्याचें कारण नाहीं. चुनखडी स्वस्त होती, पांढरीशुभ्र होती, आणि आम्ल गेल्यामुळें तंतु अधिक बळकट राहून तिचें प्रमाण वाढवितां येत होतें. लोभ आणि लोकहित यांचा रस्ता येथें एक झाला. १९९० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें महत्त्वाचीं सरकारी प्रकाशनें व अभिलेख टिकाऊ कागदावर असावेत असें राष्ट्रीय धोरण कायद्यानें जाहीर केलें. १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें टिकाऊ कागदाचें ९७०६ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्यांतील एक अट अशी कीं, कागदांत निदान शेंकडा २ कॅल्शियम कार्बोनेटाइतका अल्कधर्मी सांठा असावा. आपल्या देशांत राळ, तुरटी आणि शंखजिरें यांचें त्रिकूट दीर्घ काळ चाललें. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपले मोठे कारखानेहि चुनखडीच्या वाटेला लागले.

ही चुनखडी दोन प्रकारें मिळते. एक, खाणींतला दगड दळून. दुसरी, रसायनानें पुनः घडवून. भट्टींत १०० भाग शुद्ध चुनखडी भाजली तर ४४ भाग कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी घातलें कीं तो फुलून विरतो. या चुन्याच्या दुधांत तोच वायु सोडला कीं पुनः कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें खालीं बसतें. भिंतीचा चुना हवेंत हळूहळू कठीण होतो किंवा चुन्याच्या निवळीवर पातळ साय धरते, ती याच क्रियेनें. कारखान्यांत तपमान व वायूचा वेग बदलून कणांना हवा तो आकार देतां येतो: कधीं सुईसारखा, कधीं सराट्याच्या कांट्यासारखा टोंकदार गुच्छ. असे गुच्छ दाटीनें बसत नाहींत, मध्यें हवा राखतात, आणि कागद अधिक अपारदर्शक व कांहींसा फुगीर होतो. कित्येक ठिकाणीं या कामाला लागणारा वायु कागद-कारखान्याच्या धुराड्यांतूनच घेतात. जो हवेंत जावयाचा तो कागदांत बसतो.

भरीनें बंध तुटतात हा दोष मात्र राहतोच. त्यावर संशोधकांनीं एक चतुर उपाय शोधला. तंतु हा आंतून पोकळ असतो, आणि त्याच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रें असतात. भर जर तंतूंच्या बाहेर न ठेवतां पोकळींत भरली, तर बाहेरचे बंध शाबूत राहतील! कॅनडांतील संशोधकांनीं १९८० नंतरच्या वर्षांत टायटॅनियम डायऑक्साइडचे कण लगद्याबरोबर जोरानें घुसळून ते छिद्रांवाटे आंत घालून दाखविले. अमेरिकेंतील मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेनें दुसरी रीत अवलंबिली: लगद्यांत चुना मिसळावा, मग दाबाखालीं कार्बन डायऑक्साइड वायु सोडावा, म्हणजे चुनखडीचे कण तंतूंच्या आंत व अंगावर जागच्या जागींच घडतात. कागद नेहमींच्या भरीच्या कागदाहून बळकट राहतो आणि माती निथळून कमी जाते. परंतु जादा यंत्रसामुग्री व खर्च यांमुळें नेहमींच्या रीतीची जागा या उपायांनीं घेतली नाहीं.

आतां आरंभींच्या शंकेकडे येऊं. गवळ्याचें पाणी दुधाला कोणताहि गुण देत नाहीं. भर कागदाला अपारदर्शकता, शुभ्रता व गुळगुळीतपणा देते. योग्य जातीची असली तर दीर्घायुष्यहि देते. शिवाय रासायनिक लगद्याच्या एका टनासाठीं दोन टनांहून अधिक कोरडें लाकूड खर्ची पडतें. भरीनें जितका लगदा वांचतो तितकीं झाडें वांचतात. म्हणून भर ही भेसळ नव्हे. पण वहीचा कागद खोडरबरानें फाटेपर्यंत माती घालून वजन भरणें ही भेसळच होय, आणि ती ओळखणें ग्राहकाला अशक्य नाहीं. कागद ओढून, घडी घालून, फाडून पाहावा. लिहून दुसऱ्या बाजूनें पाहावा. लहानसा तुकडा जपून जाळून राखेचा अंदाज घ्यावा. भिंगाखालीं लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे उठले तर कागदांत चुनखडी आहे.

सामान्य ग्राहकाला एवढें पुरे आहे. परंतु ज्या संस्था कोश, इतिहासाचीं साधनें, संतांच्या गाथा, गॅझेटियर आणि न्यायालयांचे निर्णय छापतात, त्यांनीं एवढ्यावर थांबूं नये. कागदाची मागणी नोंदवितांना आपण वजन विचारतों, पांढरेपणा पाहतों आणि भाव ठरवितों. त्याबरोबर कागद आम्लरहित आहे काय, त्यांत चुनखडीचा सांठा किती आहे, आणि तो टिकाऊ कागदाच्या मानकांत बसतो काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरहि लेखी घ्यावें. जुन्या मासिकांचीं पानें आज संगणकावर चित्ररूपानें उतरविलीं जात आहेत, तें काम आवश्यकच आहे; पण जें हातांत धरतांच तुटतें तें चित्र घेण्यापुरतें तरी टिकावें लागतें. गेल्या दीड शतकांतील जें तुटलें तें आपल्याला पुनः जोडतां येणार नाहीं. यापुढें जें छापूं त्याच्या कागदांत कोणती माती आहे, हें मात्र आपल्या हातीं आहे.